सव्वीस सेकंद

१

सकाळी साडेदहाला रिक्षा, अकराला डहाणू आणि साडेबाराच्या आत परत नरपडला, वाडीत. सोमवार ते शुक्रवार हा नेम. शनिवार-रविवार मशीनलाही सुट्टी आणि सासऱ्यांनाही. निशिगंधाच्या अंगात हा नेम इतका मुरला होता की रिक्षावाल्याला पाच मिनिटं उशीर झाला तर ती फाटकाशी उभी राहून त्याच्या नावाने शंख करायची.

गोष्ट दोन हजार अठराच्या डिसेंबरातली. तिचे सासरे गोविंदराव बहात्तर वर्षांचे. चिकूचं झाड न् झाड नावाने ओळखणारा माणूस. सप्टेंबरात त्यांची बायको अंबूबाई गेली आणि हे खुर्चीत बसले ते बसलेच. रडणं नाही, बोलणं नाही, भिंतीकडे तोंड. दाढी वाढली, सदरा अंगावर लोंबू लागला, घास पुढे केला की तोंड मिटायचं. गोळ्या सुरू केल्या तर दिवसभर नुसती पेंग, आणि वर रक्तातलं मीठ उतरलं. माणूस आजारी पडला की गावात घरोघरी वैद्य उगवतात. कुणी म्हणालं हवापालट करा, कुणी म्हणालं घरात नातवंड असतं तर ही वेळ आली नसती. हे दुसरं निशिगंधाकडे बघून म्हटलं जायचं.

शेवटी कुणीतरी डॉक्टर जतीन यांचं नाव सांगितलं. मूळचे इकडचेच, राहायला मुंबईत, दर सोमवारी डहाणूला येणारे. औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर त्यांनी एक मशीन बसवलं होतं.

“शॉक देणार बाबांना?” पीयूषने पहिल्याच दिवशी विचारलं. पीयूष म्हणजे निशिगंधाचा नवरा. कोसबाडला शेतकी संस्थेत नोकरीला, आणि खोदून खोदून विचारायची त्याला सवयच.

“शॉक नव्हे हो, चुंबक,” डॉक्टर हसले. “भूल नाही, सुई नाही. जागेपणी खुर्चीत बसायचं. मेंदूचा जो भाग सुस्तावलाय त्याला बाहेरून टिचक्या मारायच्या, रोज, पाच-सहा आठवडे. निम्म्याशिम्म्या लोकांना गुण येतो. सगळ्यांना येतोच असं मी म्हणणार नाही.”

माणूस खरं बोलतोय म्हटल्यावर पीयूषने होकार दिला.

मग त्यांनी गोविंदरावांच्या डोक्याला डावीकडे एक जाडजूड वेटोळं टेकवलं. टक्. एकच आवाज, आणि मांडीवर पडलेल्या उजव्या हाताचा अंगठा टुणकन उडाला. गोविंदराव त्याच्याकडे बघत राहिले, जसं काही तो शेजाऱ्याचा अंगठा होता.

“डावा मेंदू उजवा हात चालवतो,” डॉक्टर म्हणाले. “अंगठ्याची जागा सापडली की तिथून बोटभर पुढे सरकायचं. आपलं काम त्या पुढच्या जागेवर. तिथे अंगठा हलत नाही. हलला, तर समजायचं जागा चुकली.”

निशिगंधाने हे नीट ऐकून ठेवलं. घरी जबाबदार माणूस तीच होती ना.

२

खरी अडचण आली टोपीची. रोज जागा तीच सापडावी म्हणून पेशंटच्या डोक्यावर टोपी चढवून तिच्यावर खुणा करतात. मशीनबरोबर आलेली टोपी रबरासारखी, केस ओढणारी. गोविंदरावांनी ती दुसऱ्या मिनिटाला उपटून फेकली. इतक्या दिवसांत त्यांनी स्वतःहून केलेली ती पहिली गोष्ट.

“वहिनी, घरूनच शिवून आणा ना एक,” जागृती म्हणाली. जागृती ही मशीन चालवणारी, डहाणूचीच पोर, तोंडाने फटाकडी आणि हाताला हुशार. “जुनं मऊ सुती कापड घ्या. बाळाचं टोपरं असतं ना, तसंच घट्ट बसणारं. खुणा मी करते.”

आता जुनं मऊ सुती कापड म्हटलं की आपल्याकडे बाईचा हात कुठे जातो? सासूच्या नाहीतर आजीच्या साडीकडे. गोधडी तिचीच, दुपटं तिचंच, टोपरंही तिचंच. धुऊन धुऊन विरलेलं कापड कुणाच्या अंगाला टोचत नाही. निशिगंधाने ट्रंक उघडली, अंबूबाईंची किनार उडालेली जांभळी साडी काढली आणि तासाभरात टोपी शिवून काढली. मनात दुसरं काही आलं नाही. आलं असतं तर शिवलीच कशाला असती?

गोविंदरावांनी ती टोपी मुकाट्याने घालून घेतली. जागृतीने काळ्या पेनाने दोन ठिपके काढले, एक अंगठ्याचा, एक कामाचा, आणि मशीन सुरू केलं.

त्या खोलीचं सगळं गणित निशिगंधाला दोन दिवसांत पाठ झालं. चार सेकंद टकटकटकटक, सुतारपक्षी लाकडावर चोच मारतो तसं. मग सव्वीस सेकंद चूप. पुन्हा चार सेकंद टकटक, पुन्हा सव्वीस सेकंद चूप. असं पंच्याहत्तर वेळा. किती उरलं ते स्क्रीनवर उलटं मोजत यायचं. आवाजाने कानाला त्रास नको म्हणून सगळ्यांच्या कानात फोमचे बोळे. जागृती ते घालून कॉम्प्युटरवर फॉर्म भरत बसायची. निशिगंधा गोविंदरावांच्या पायाशी, डाव्या बाजूला, प्लास्टिकच्या खुर्चीवर. पंखा बंद, खिडकी बंद, खालून औषधवाल्याच्या शटरचा आवाज तेवढा कधीमधी.

पाचव्या दिवशी तिने ते पाहिलं.

टकटक चालू असताना हात दोन्ही शांत होते. टकटक थांबलं. सव्वीस सेकंदांतले पाचेक गेले असतील, आणि डाव्या हाताचा अंगठा हलला. उडाला नाही, हलला. बोटांवर हळूच घासला, थांबला, पुन्हा घासला. मशीन सुरू झालं तसा निपचित पडला. मशीन थांबलं, अंगठा पुन्हा सुरू.

निशिगंधाने जागृतीच्या दंडाला हात लावला. जागृतीने कानातला बोळा काढला.

“डावा?” ती म्हणाली. “डावा कसा हलेल वहिनी? वेटोळं डावीकडे आहे. हललाच तर उजवा हलेल.”

दोघी टक लावून बसल्या. चार वेळा मशीन थांबलं, चारही वेळा अंगठा गप्प. जागृतीने खुणा तपासल्या, टोपी सरकलीय का बघितलं, फॉर्मवर काहीतरी लिहिलं.

“कंटाळतात हो माणसं. कुणी पाय हलवतं, काका अंगठा हलवतात. चांगलंच आहे की, काहीतरी हलवतायत.”

तेवढ्यात टेबलावरची कपबशी किणकिणली. तलासरीच्या बाजूला गेला महिनाभर जमीन सारखी हलत होती. आधी पोटातून गुरगुर, मग एक हिसका. लोकांना इतकी सवय झाली होती की जागृतीने नुसता कप हाताने धरून ठेवला आणि पुढचा फॉर्म घेतला. निशिगंधाच्याही मनाने तोच धागा पकडला. जिथे जमीन हलते तिथे म्हाताऱ्या माणसाच्या अंगठ्याचं काय घेऊन बसलीस, तिने स्वतःला दटावलं.

३

दुसऱ्या आठवड्यात गोविंदरावांनी सुक्या बोंबलाची चटणी मागितली.

घरात अगदी दिवाळी. पीयूष स्वतः चिंचणीला जाऊन बोंबील घेऊन आला. गोविंदराव दोन भाकऱ्या जेवले, वर ताक प्याले, आणि “मीठ जास्त झालंय,” म्हणाले. पीयूषने ताटावरून उठून बायकोचा हात धरला. डोळ्यांत पाणी, तोंडावर हसू. “तू नेतेस म्हणून,” तो म्हणाला. “तुझे उपकार कसे फेडू गं?” आठ वर्षांच्या संसारात त्याने असं कधी म्हटलं नव्हतं. निशिगंधाला भरून आलं. खरंच आलं.

दुसऱ्या दिवशी क्लिनिकमधून परतल्यावर गोविंदराव घरात न शिरता थेट वाडीत गेले. शेडखाली बायका चिकू निवडत बसल्या होत्या. त्यांच्यात सुकी होती. सुकी तलासरीकडच्या पाड्यावरची, वीस वर्षं या वाडीत कामाला. घराच्या भिंतीला तडे गेल्यामुळे हल्ली तिचा सगळा कबिला अंगणात ताडपत्रीखाली राहायचा, आणि तरी सुकी कामाला यायची ती हसतच. गोविंदरावांनी ढिगातला एक चिकू उचलला, अंगठ्याने वरची तपकिरी भुकटी पुसली, नख लावून साल जरा खरवडली. आत हिरवं दिसलं तर चिकू कच्चा, पिवळसर दिसलं तर तयार. या पट्ट्यात हे शेंबड्या पोराला कळतं. कळत नव्हतं ते फक्त निशिगंधाला. ती माहेरची शहरातली.

गोविंदराव गेल्यावर सुकी जवळ आली.

“वहिनी, बाबांनी चिकू बघितला, तो हात बघितलात?”

“का?”

“डावा. मोठ्या बाई अशाच बघायच्या. दोनदा पुसायचं, मग नख.” सुकीने चिकू हातात असल्यासारखं हवेतच करून दाखवलं. “बाबा कधी चिकूला नख लावत नव्हते. ते वासाने सांगायचे.”

अंबूबाई डावरी होती. वाढताना, देवाला फूल वाहताना उजवा हात वापरायची, पण चिकूला डावा. निशिगंधाने ते कितीदा पाहिलं होतं.

“इतकी वर्षं बरोबर काढली, उचललं असेल एकमेकांचं,” ती म्हणाली.

“असेल,” सुकी म्हणाली आणि निवडायला बसली.

पण चोराच्या मनात चांदणं. निशिगंधा घरात गेली आणि मोरीचं दार लावून उभी राहिली. तिच्या पोटात एक गोष्ट होती, सप्टेंबरपासून, आणि ती जगात कुणालाही ठाऊक नव्हती.

ज्या दिवशी अंबूबाई गेली त्या दिवशी सकाळी तिने सगळ्या बायकांसमोर निशिगंधाला झाडलं होतं. “आठ वर्षं झाली, हिला अजून कच्चं-पिकलं कळत नाही.” बायका हसल्या. निशिगंधा ताडताड वर गेली आणि पलंगावर पडली. नवरा कोसबाडला, सासरा बाजाराला. दुपारी मागच्या हौदावरून हाक आली. “निशी!” तिला निशी म्हणणारी अंबूबाई एकटीच. दुसरी हाक आली तेव्हा ती खिडकीशी गेली. अंबूबाई हौदाच्या पायरीवर बसलेली होती, छातीशी हात. आणि गंमत म्हणजे खिडकीकडे बघतच नव्हती. हाक हिच्या नावाची, तोंड मात्र हौदापलीकडे. नाटक, निशिगंधाला वाटलं. सकाळी पाणउतारा करायचा आणि दुपारी सेवा करून घ्यायची. तिने खिडकीचा पडदा सोडला आणि पुन्हा आडवी झाली. तिसरी हाक तिने उशीत तोंड खुपसून ऐकली.

अर्ध्या तासाने सुकी ओरडली तेव्हा सगळं संपलेलं होतं. हृदय बंद पडलं, डॉक्टरांनी लिहिलं. “मी झोपले होते,” निशिगंधाने सांगितलं, आणि सगळ्यांनी तिचंच सांत्वन केलं. सासू गेली ठीक झालं, घरदार हाती आलं, अशी थट्टासुद्धा शेजारणीने मागाहून केली. ती हसली होती.

४

तिसऱ्या आठवड्यातला बुधवार. निशिगंधाने आता बोळे कानात घालणं सोडलं होतं. का, ते तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

डावा हात आता चुपात नुसता घासत नव्हता. तो खुर्चीच्या हातावर दोनदा थोपटायचा, इकडे ये, बस, असं सांगावं तसा. जागृती बघायला लागली की थांबायचा. गोविंदराव डोळे मिटून, चेहरा शांत, ओठाला लाली आलेली. या तब्येतीच्या माणसाकडे बघून कुणाला भीती वाटेल?

स्क्रीनवर बावन्न उरले होते. टकटक थांबलं.

“निशी,” गोविंदराव म्हणाले.

आवाज त्यांचाच, जाड, थोडा घोगरा. पण ते तिला नेहमी सूनबाई म्हणत.

“काय बाबा?”

हात थोपटत राहिला. चार सेकंद टकटक झालं, थांबलं.

“हौदावर,” ते म्हणाले.

निशिगंधाने जागृतीकडे पाहिलं. जागृती कानात बोळे घालून, जीभ दाताखाली धरून, कुणाचातरी फोन नंबर टाइप करत होती. टकटक. चूप.

“त्या दुपारी.”

एका चुपात एकच घास, जसं काही आत कुणी रांगेत उभं होतं आणि एकेकाला सोडत होतं. निशिगंधा सेकंद मोजू लागली. अजून एकोणपन्नास वेळा हे मशीन थांबणार होतं. एकोणपन्नास तुकड्यांत किती सांगून होईल? टकटक. चूप.

“तू...”

ती उठलीच. “बंद कर,” ती जागृतीला म्हणाली, ओरडूनच म्हणाली. “बाबांना गरगरतंय. आज पुरे.”

जागृतीने बटण दाबलं, धावत येऊन नाडी बघितली, पाणी दिलं. गोविंदरावांनी डोळे उघडले. “झालं एवढ्यात?” ते म्हणाले. त्यांना काही आठवत नव्हतं. रिक्षात त्यांनी बाजारात वांगी काय भाव आहेत ते विचारलं, आणि घरी येईपर्यंत सुनेकडे प्रेमाने बघत होते.

निशिगंधा मात्र सगळी वाट स्वतःशी वाद घालत होती. म्हाताऱ्याला संशय असेल. मनात दाबून ठेवलेलं मशीनने वर आलं असेल. डॉक्टर म्हणालेच होते, मन मोकळं होतं. हे सगळं पटण्यासारखं होतं. पण ते त्या दिवशी बाजारात होते, घोलवडच्या गाडीवाल्याशी भांडत, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

५

तिने नवी टोपी शिवली. बाजारातून कोरं पांढरं कापड आणलं, दोनदा धुतलं आणि शिवली. जुनी ट्रंकेत तळाला टाकली.

“ती फाटली,” तिने जागृतीला सांगितलं. सोमवारी डॉक्टर जतीन आले, त्यांनी पुन्हा अंगठा उडवला, माप घेतलं, ठिपके काढले. सगळं अगदी पहिल्यासारखं. जागा तीच, ताकद तीच.

हात गप्प झाला. सव्वीस सेकंद म्हणजे नुसते सव्वीस सेकंद. निशिगंधाचा जीव भांड्यात पडला. त्या आठवड्यात ती घरी गाणं गुणगुणत होती, पीयूषने चिडवलंसुद्धा.

गुरुवारी गोविंदराव वाडीत गेले नाहीत. शुक्रवारी जेवताना हातातला घास ताटात परत ठेवला. रविवारी खुर्ची भिंतीकडे वळवून बसले.

“होतं असं,” डॉक्टर म्हणाले. “चढउतार असतात. आपण अजून दोन आठवडे वाढवू.” ते प्रामाणिक माणूस होते, त्यांच्या कपाळावर आठी होती आणि ती त्यांनी लपवली नाही.

पुढच्या आठवड्यात गोविंदराव उठेनात. आधी जेवण गेलं, मग चहा, मग पाणी. निशिगंधा चमच्याने ओठ ओले करायची, पाणी हनुवटीवरून गळ्यात उतरायचं. डोळे उघडे, आणि त्यात कुणी नाही. कासा गावातल्या दवाखान्यात नेऊन दोन बाटल्या सलाईन लावून आणली. तिथला डॉक्टर म्हणाला, असं किती दिवस चालवणार?

त्या संध्याकाळी पीयूष ओट्यावर बसून होता. निशिगंधाने चहा ठेवला, तो त्याने घेतला नाही.

“आई गेली तेव्हा मी रडलो नाही,” तो म्हणाला. “म्हटलं, बाबांना सांभाळायचंय. आता बाबा हातात आले होते गं. चटणी खाल्ली त्यांनी. आणि काय झालं मधेच? आपण काय चुकलो?”

निशिगंधाकडे बोलण्यासारखं एकच होतं. ट्रंकेच्या तळाशी विरलेल्या कापडाचा एक तुकडा होता, तो म्हाताऱ्याच्या डोक्यावर चढवला तर म्हातारा जगणार होता, आणि तिचं नवऱ्याच्या नजरेतलं सगळं जाणार होतं. तिने खूप विचार केला असं म्हणायला मला आवडलं असतं. पण विचार कसला? आत म्हाताऱ्याचा श्वास घरघरत होता, तो ऐकून ती उठली आणि ट्रंक उघडली.

६

मंगळवारी पीयूषने रजा काढली. बाबांना उचलूनच जिना चढवावा लागला. जागृतीने टोपी बघितली.

“ही जुनीच की! फाटली म्हणाला होतात.”

“शिवली,” निशिगंधा म्हणाली.

पीयूष खुर्ची ओढून अगदी शेजारी बसला. बोळे घे म्हटलं तर नको म्हणाला, बाबांनी काही मागितलं तर ऐकू यायला हवं. निशिगंधाने त्याला आग्रह केला नाही. तिने त्याचा हात हातात घेतला. हा हात असाच धरून बसायची ही शेवटची वेळ, हे तिला कळत होतं, आणि ती घट्ट धरून बसली.

टकटकटकटक. चूप. टकटकटकटक. चूप. पहिली वीस-बावीस वेळा काहीच झालं नाही. मग डाव्या हाताचं एक बोट हललं. मग अंगठा. मग पंजा उचलला गेला आणि त्याने खुर्चीच्या हातावर दोनदा थोपटलं.

“बाबा!” पीयूष उडालाच. “हात हलवतायत गं!”

टकटक. चूप.

“निशी,” गोविंदराव म्हणाले. पंधरा दिवसांत त्यांच्या घशातून निघालेला हा पहिला शब्द.

पीयूष हसला, रडला, दोन्ही एकदम. “बोलले! बाबा, मी पण आहे. बोला.”

टकटक. चूप.

“हौदावर.”

“हौदावर काय, बाबा?”

टकटक. चूप.

“त्या दुपारी.”

पीयूषच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं. त्याने निशिगंधाकडे पाहिलं, आणि तिला कळलं की पुढचा तुकडा ‘तू’ आहे. पुन्हा टकटक सुरू झालं. चार सेकंद. चार सेकंदांत माणूस किती विचार करू शकतो! दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्या तोंडून ऐकू दे याला, एवढाच तिने केला. टकटक थांबताच तीच बोलली.

“पीयूष, मी झोपले नव्हते. आईंनी हाका मारल्या, तीन. मी ऐकल्या. मी रागात होते. मी गेले नाही. मी खोटं बोलले तुमच्याशी, सगळ्यांशी. मी गेले असते तर...”

पुढचं मशीनने बुडवलं. टकटकटकटक. पीयूष तिच्याकडे बघत होता. त्याला आधी कळलंच नाही, मग कळलं. त्याने तिच्या हातातून आपला हात काढून घेतला, सावकाश, दुखऱ्या जागेवरची पट्टी काढावी तसा.

चूप.

या वेळी तुकडा आला नाही. आलं ते अख्खं, सलग, शांत.

“पडदा सोडलास ते बरं केलंस, निशी. नाहीतर त्याने तुलाही बघितलं असतं.”

पडद्याचं निशिगंधाने आत्ता सांगितलं नव्हतं. कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. तिने वर पाहिलं. गोविंदरावांचे डोळे उघडे होते. ते तिच्याशी बोलत होते, पण तिच्याकडे बघत नव्हते. मान अवघडून डावीकडे वळलेली, नजर तिच्या खांद्यावरून मागे, खोलीच्या बंद दाराकडे. त्यांच्या चेहऱ्यावर वेदना नव्हती, राग नव्हता. वाटेत उभ्या असलेल्या अनोळखी जनावरावरून नजर काढू नये, तसे ते बघत होते. आणि डावा हात थोपटत नव्हता आता. तो तिच्याकडे तळवा करून हवेत धरलेला होता. थांब. येऊ नकोस.

त्या दुपारीही एक हात छातीशी होता. दुसरा हात कुठे होता, ते बघायला ती खिडकीत थांबलीच नव्हती.

“कुणी?” पीयूषचा आवाज फाटला. “बाबा, कुणी बघितलं असतं? कोण होतं हौदावर?”

टकटकटकटक.

जागृतीने कानातला एक बोळा काढला. तिने काही ऐकलं नव्हतं, नुसता तिघांचा रंग बघितला. “काकांची मान वळलीय,” ती म्हणाली. “त्रास होतोय का? थांबवू का, वहिनी?”

निशिगंधाने सासऱ्यांकडे पाहिलं. ओठांवर ओल आली होती, गाल जरा भरल्यासारखे दिसत होते. घशाची घाटी वर-खाली झाली. ते गिळत होते. मशीन थांबवलं तर उद्या पुन्हा भिंत, परवा सलाईन. नाही थांबवलं तर ते पुढचं सांगणार होते, आणि तिच्या पाठीमागे ते बंद दार होतं.

तिने मागे वळून पाहिलं नाही. खुर्ची पुढे ओढली, आणि हवेतला तो डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरून खाली घेतला. हात गरम होता. अंगठ्याने तिच्या मनगटाला घट्ट पकडलं.

“नको,” ती म्हणाली. “चालू राहू दे.”

टकटक थांबलं. स्क्रीनवर अजून सत्तेचाळीस उरले होते.